तंबोऱ्यात एवढं काय आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं शिकणारे, त्यांचे पालक, नुकताच तंबोरा घरी आणलेले आणि मैफलीत मागे वाजणारं ते वाद्य पाहून कुतूहल वाटलेले श्रोते यांच्याकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे दिलेत तिथे 'सा' काळी एकचा (हार्मोनियमच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला आहे.

१. चार तारा एकामागून एक छेडायच्या, एवढंच तर असतं. मग तंबोऱ्यात विशेष काय?

चार तारांतून चारापेक्षा कितीतरी जास्त सूर ऐकू येतात, हे विशेष. तारा लावलेल्या असतात फक्त षड्ज (सा) आणि पंचम (प) यांना. तरी नीट जुळलेल्या तंबोऱ्याजवळ शांत बसलं की गंधार (ग) स्वच्छ ऐकू येतो, थोड्या वेळाने रिषभ (रे), मग निषादही (नि). गंधाराची तार तंबोऱ्यात नसतेच, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

बहुतेक तंतुवाद्यांत तार कुठे घासून झणझणली की तो दोष समजून काढून टाकतात. तंबोऱ्यात मात्र तार घोडीला, म्हणजे ती जिच्यावर टेकते त्या आधाराला, हलकेच घासावी म्हणूनच घोडी घडवलेली असते. तंबोऱ्याची सगळी जादू त्या काही मिलिमीटरांच्या उतारात आणि त्यावर सरकवलेल्या सुताच्या तुकड्यात आहे. 'मागे नुसतं वाजत राहणारं वाद्य' ही समजूत त्यामुळेच आम्हाला पटत नाही. गायक ज्या सुरांवर उभा राहतो ते सूर तंबोरा स्वतः तयार करतो, आणि कान तयार असेल तर ते एकेक वेगळे ऐकता येतात.

२. तंबोऱ्याच्या भागांना काय म्हणतात?

खाली भोपळा (तुंबा), त्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी तबली, वर पोकळ दांडी, आणि भोपळा व दांडी जोडणारा गळा, म्हणजेच गुलू. तबलीवर मधोमध घोडी. तारा सगळ्यात खाली, भोपळ्याच्या टोकाशी असलेल्या लंगोटाला अडकवतात. तिथून त्या बारीक सूर लावायच्या मण्यांतून आणि घोडीवरून दांडीभर वर जातात, तारगहन या पट्टीच्या भोकांतून आणि अटी या दुसऱ्या पट्टीवरून जाऊन खुंट्यांना गुंडाळल्या जातात. चार खुंट्यांपैकी दोन समोर असतात आणि दोन बाजूंना एकेक. घोडीचा वरचा पृष्ठभाग आणि त्यातून येणारा झणत्कार, दोन्हींना जवारी म्हणतात. दुरुस्तीला न्याल तेव्हा ही नावं माहीत असली की नेमकं काय बिघडलंय ते सांगता येतं.

३. चार तारा कोणकोणत्या सुरांना लावतात?

छेडायच्या क्रमाने: पहिली मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, दुसरी आणि तिसरी मध्य (मधल्या सप्तकातला) षड्ज (ही 'जोडी'), चौथी मंद्र षड्ज, म्हणजे खर्ज. जोडी पोलादी, खर्ज जाड आणि पितळी किंवा ब्राँझची. पंचमाची तार खालच्या पट्टीच्या (ज्याचा 'सा' खालचा आहे अशा) मोठ्या तंबोऱ्यावर बऱ्याचदा पितळी असते, वरच्या पट्टीच्या तंबोऱ्यावर पोलादी.

काळी एकला कंपनसंख्या अशा येतात: खर्ज ६९.३ हर्ट्झ, पंचम सुमारे १०४, जोडी १३८.६. पंचम न लावता पहिली तार मध्यम किंवा निषादाला कधी लावायची, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. स्वयंभू गंधार येतो कुठून?

खर्जाच्या तारेतून. कुठलीही ताणलेली तार एकाच वेळी पूर्ण लांबीने आणि तिच्या निम्म्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्श्यानेही कंप पावते. म्हणून ६९.३ हर्ट्झच्या तारेत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सूर, म्हणजे उपसूर, आधीपासून असतात. दुप्पट म्हणजे मध्य सा, तिप्पट म्हणजे मध्य पंचम, चौपट म्हणजे तार (वरच्या सप्तकातला) सा आणि पाचपट, ३४६.५ हर्ट्झ, हा तार सप्तकातला शुद्ध गंधार.

पंचमाची तारही असंच देणं देते. तिची तिप्पट सुमारे ३१२ हर्ट्झ येते, तो तार रिषभ. तिची पाचपट म्हणजे शुद्ध निषाद. सा आणि प एवढ्या दोनच सुरांतून सा, रे, ग, प, नि असे पाच सूर उभे राहतात.

हार्मोनियमवर तोच तार गंधार दाबलात तर ३४९.२ हर्ट्झच्या आसपास येतो, कारण तिथे सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. तंबोऱ्याच्या गंधाराहून तो जवळजवळ पावणेतीन हर्ट्झने चढा. दोन्ही एकदम वाजताना गंधारावर येणारी कुरबुर हीच. गळ्याचा गंधार तंबोऱ्याला मिळवा, पेटीला नको.

५. जवारी म्हणजे नक्की काय? तिच्यामुळे आवाज का बदलतो?

गिटार किंवा व्हायोलिनच्या घोडीवर तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी वरून रुंद आणि दांडीकडे अगदी सौम्य उताराची असते. तार हलते तेव्हा खाली येताना त्या उताराला हलकेच स्पर्श करते आणि वर जाताना सुटते. या स्पर्शाने मूळ सुरातली शक्ती पुन्हा पुन्हा वरच्या उपसुरांकडे ढकलली जाते. छेडल्यावर आवाज लगेच विरत नाही. उलट, क्षणभराने तो उमलतो, उपसूर ठळक होतात आणि तार शांत होत जाते तसे वरून खाली एकेक उतरत येतात. खर्जाची एकच तार छेडून कान लावला की हा उतार ऐकू येतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात याची नोंद केली. नेहमीच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे स्थिर राहणारे उपसूर उमटायलाच नकोत. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे ते तरीही उमटतात, हे त्यांनी दाखवलं.

घासून किती तेजस्वी आवाज काढायचा यावरून जवारी खुली किंवा बंद म्हणतात. तार घोडीला जास्त अंतर घासत असेल तर खुली, तेजस्वी. कमी घासत असेल तर बंद, गोल. कोणती बरी हे गळ्यावर ठरतं. फार खुली जवारी लहान खोलीत कर्कश वाटते.

६. तारेखाली दोरा कशाला घालतात? तो कसा लावायचा?

त्या दोऱ्याला सूत म्हणतात. तार नेमकी कुठे टेकावी आणि पुढे उताराशी किती अंतर राहावं, हे सुताने ठरतं. सूत नसेल किंवा चुकीच्या जागी असेल, तर उत्तम घडवलेली घोडीही मुकी राहते. पद्धत अशी:

आधी सूत न घालता तारा सुरात आणा (प्रश्न ७). शिवणाचा साधा सुती दोरा घ्या, बोटभर लांब. नायलॉन घसरतो, नको. खर्जाला थोडा जाड दोरा चालतो. दोरा तारेखाली घालून दोन्ही टोकं एका हाताच्या चिमटीत धरा आणि घोडीच्या दांडीकडच्या कडेवर आणा. इथे आवाज कोरा येईल, झणत्कार नाही. आता दुसऱ्या हाताने तार मंद छेडत राहा आणि दोरा लंगोटाच्या दिशेने अगदी थोडा थोडा ओढा. एका जागी आवाज एकदम फुलतो आणि लांब चालतो. ती जागा. आणखी मागे नेलात तर तार भणभणते किंवा दबते. मग पुन्हा पुढे आणा.

चारही तारांची जागा एका रेषेत येईल असं नाही, त्यामुळे रेषेपेक्षा कानाकडे पाहा. सूत बसल्यावर सूर किंचित हलतो, तो मण्याने दुरुस्त करा. सूत चपटं झालं की त्याच जागी परिणाम येत नाही. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याला दर थोड्या आठवड्यांनी नवं सूत लागतं.

७. तंबोरा जुळवायचा क्रम काय?

खोली शांत करा, पंखा बंद करा. मणी लंगोट आणि घोडी यांच्या मधोमध आणा, म्हणजे दोन्ही बाजूंना हलवायला जागा राहील. सूत बाजूला सरकवा.

पहिल्यांदा जोडीतली एक तार पट्टीच्या 'सा'ला आणा: पेटी, ट्यूनर किंवा पिच पाइप, काहीही चालेल. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा, नाहीतर सोडल्यावर सूर उतरतो. सूर वर न्यायचा असेल तेव्हा आधी किंचित खाली या आणि खालून चढा. मग जोडीतली दुसरी तार पहिलीशी मिळवा. ट्यूनर आता बाजूला ठेवा (कारण प्रश्न ९ मध्ये). तिसऱ्यांदा खर्ज, जोडीच्या खाली एक सप्तक. शेवटी पंचम (प्रश्न १०).

चारही तारा जवळपास आल्या की परत एकदा पहिल्यापासून. एका तारेचा ताण वाढला की तबली आणि दांडी किंचित दबते आणि आधीच्या तारा उतरतात, म्हणून दोन फेऱ्या तरी लागतातच. नंतर मण्यांनी बारीक सूर, नंतर सूत, आणि सूत लावल्यावर पुन्हा मणी. घाई केलीत तर गाताना मध्येच थांबून जुळवावं लागेल.

८. मणी कोणत्या बाजूला सरकवला की सूर चढतो?

लंगोटाकडे. तारा घोडीवरून लंगोटाकडे उतरत येतात, त्यामुळे खाली गेलेला मणी तबली आणि तार यांच्यात जास्त घट्ट पाचर होतो आणि ताण वाढतो. घोडीकडे आणला की सूर उतरतो. मणी बारीक फरकासाठीच आहे. मणी लंगोटाला जाऊन टेकला तरी सूर पोचत नसेल, तर मणी मध्यावर आणून खुंटीने लावा.

९. ट्यूनरवर दोन्ही जोडीच्या तारा बरोबर दाखवतात. तरी कानाला खटकतं. का?

कारण कानाला लागणारी अचूकता ट्यूनरच्या हिरव्या दिव्यापेक्षा जास्त आहे. समजा, एक तार १३८.६ हर्ट्झला आहे आणि दुसरी १३८.३ला. बऱ्याच क्लिप ट्यूनरवर दोन्ही 'बरोबर'. पण या दोन तारांच्या मूळ सुरात तीन-साडेतीन सेकंदांनी एक हेलकावा येतो. पाचव्या उपसुरात तो फरक पाचपट होतो, म्हणजे सेकंदाला दीड हेलकावा, दहाव्या उपसुरात तीन. जवारीने नेमके वरचे उपसूरच ठळक केलेले असतात, म्हणून एवढासा फरक तंबोऱ्यावर चांगलाच जाणवतो.

उपाय: दोन्ही तारा पाठोपाठ छेडा आणि आवाजातली 'वाँव-वाँव' ऐका. मणी हलवताना ती सावकाश होत गेली तर दिशा बरोबर. पूर्ण थांबली की दोन तारा एकच वाटतात आणि आवाज अचानक मोठा होतो.

ट्यूनरची आणखी एक गंमत: खर्जाच्या तारेत उपसूर इतके दमदार असतात की तो कधी कधी 'सा' ऐवजी पंचम किंवा गंधार दाखवतो. तार बिघडलेली नसते. हलकेच छेडा, किंवा सूत काढून मोजा.

१०. पंचम पेटीवरून लावू की कानाने?

कानाने, आणि त्यासाठी सोपी युक्ती आहे. खर्जाच्या तारेवर अटीपासून एक तृतीयांश अंतरावर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडून लगेच बोट उचला. घंटीसारखा मध्य पंचम वाजेल. आता पंचमाच्या तारेवर बरोबर मध्यावर तसंच बोट टेकवून छेडा. तोही मध्य पंचम. हे दोन सूर एकरूप झाले की पंचम लागला. दोन्ही २०७.९ हर्ट्झ असतात, म्हणून हेलकावे ऐकणं सोपं जातं.

पहिली तार मध्यमाला लावायची असेल तर तिच्या एक तृतीयांशावरचा सूर तार 'सा' येतो. तो जोडीच्या तारेच्या मध्यावरच्या सुराशी मिळवा.

११. पंचमाची तार कोणत्या रागात बदलायची?

ज्या रागात पंचम वर्ज्य आहे, तिथे. मालकंस, चंद्रकंस, ललत यांत मध्यम लावतात. बागेश्रीत पंचम अगदी थोडा आणि मध्यम प्रबळ, म्हणून तिथेही बहुतेक जण मध्यमच पसंत करतात. मारवा, पूरिया, सोहनी यांत शुद्ध मध्यमही नाही, तेव्हा मंद्र निषाद. हिंडोलातही निषाद, क्वचित धैवत.

निषाद लावण्यामागे एक सुंदर कारण आहे. मंद्र निषादाची तिप्पट काढली की तीव्र मध्यम येतो, म्हणजे पूरियाला हवा असलेला सूर तंबोराच पुरवतो. मध्यमाच्या तारेची पाचपट शुद्ध धैवत देते. बागेश्रीला तो फार शोभतो.

भीमपलासी, यमन, भूप, दरबारी यांत पंचम ठेवा.

१२. राग कोमल गंधाराचा, आणि तंबोऱ्यात तर शुद्ध गंधार वाजतोय. हे चालतं का?

चालतं. तो गंधार तार सप्तकात, खर्जाच्या पोटात असतो आणि गळा ज्या सप्तकात फिरतो त्याच्या वर राहतो. कानाला तो खर्जाचा रंग म्हणून ऐकू येतो. वेगळा लावलेला सूर म्हणून तो सहसा समोर येत नाही. मालकंसात मध्यम लावला की शुद्ध धैवतही डोकावतो, आणि तरी मालकंस मालकंसच राहतो.

पण जवारी फार खुली असेल आणि खोली लहान असेल तर तो गंधार खरोखर टोचतो. तेव्हा खर्जाचं सूत केसभर हलवून तेवढीच तार थोडी बंद करा. बाकीच्या तीन तारांना हात लावू नका.

खर्जाच्या सातव्या उपसुराबद्दलही विचारतात. तो कोमल निषादाच्या जवळ असतो, पण थोडा खालीच. त्यावरून कोमल निषाद घोटू नका.

१३. तंबोरा छेडायचा कसा? वेग किती?

मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने जोडीच्या दोन तारा आणि खर्ज. बोट तारेला जवळजवळ समांतर ठेवा आणि पेराच्या मऊ भागाने सरकवून सोडा. नख लागता कामा नये आणि तार ओढायची नाही. जागा दांडीच्या साधारण मध्याजवळ. घोडीजवळ छेडलं की आवाज कडक होतो. तार बरोबर मध्यावर छेडली तर उपसूर मरतील ही भीती बाळगू नका, जवारी ते परत आणते (प्रश्न ५).

वेग गाण्याच्या लयीशी बांधायचा नाही. द्रुत बंदिश सुरू झाली तरी तंबोऱ्याची चाल तीच. आधीची तार अजून बोलत असताना पुढची यावी, आणि खर्जानंतर त्याला फुलायला जरा जास्त वेळ द्यावा. नव्या लोकांची नेहमीची चूक म्हणजे जोडीवर जोर आणि खर्ज निसटता. खर्जावर बोट जरा जास्त रेंगाळू द्या.

१४. मुलीसाठी कोणता तंबोरा घ्यायचा? लेडीज-जेंट्स म्हणजे काय?

हा फरक पट्टीचा आहे. 'जेंट्स' साधारण काळी एक ते काळी दोनसाठी: उंची साडेचार ते पाच फूट, भोपळा मोठा, तारा जाड. 'लेडीज' साधारण काळी तीन ते काळी पाचसाठी: उंचीला फूटभर कमी, तारा बारीक. पट्टी माहीत नसेल तर आधी गुरूंकडून ठरवून घ्या.

'जेंट्स' तंबोरा ओढूनताणून काळी चारला लावला तर तारा तुटतात आणि तबली दबते. 'लेडीज' काळी एकला उतरवला तर तारा सैल पडून नुसत्या खडखडतात. मधल्या पट्ट्यांसाठी कारागिराला पट्टी सांगून तारांचा गेज बदलून घेता येतो. लहान मुलांचा आवाज पुढे बदलतो, म्हणून पहिली काही वर्षं प्रश्न २० मधला पर्याय पुरतो.

१५. मिरजेचाच तंबोरा घ्या, असं सगळे का सांगतात?

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. फरीदसाहेब सतारमेकर हे तिथले आद्य कारागीर मानले जातात. त्यांचं घराणं मूळचं शस्त्रं घडवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या शिकलगारांचं. संस्थानी दरबारात गायक-वादक येत, त्यांची वाद्यं दुरुस्त करता करता वाद्यं घडवणं सुरू झालं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले होते. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. १९३७ साली ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते. गाणारे आणि घडवणारे एकाच गावात असल्याचा फायदा त्या वाद्यांना मिळाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढा-पंढरपूर भागातून. हा खाण्याचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. तो जाड सालीचा आणि मोठा होतो, वाळला की लाकडासारखा टणक. दांडी आणि तबलीला तुनीचं लाकूड, हलकं आणि सरळ रेषांचं.

दक्षिणेत तंजावरी तंबुऱ्याचा खालचा भाग भोपळ्याऐवजी फणसाच्या लाकडाचा कोरतात. आवाजाचा पोत वेगळा येतो, कमी प्रतीचा नव्हे.

१६. दुकानात तंबोरा घेताना काय तपासायचं?

नक्षीकडे शेवटी पाहा. आधी दांडी डोळ्यासमोर धरून खालून वर पाहा, वाक किंवा पीळ नको. तबली घोडीखाली खचलेली नसावी. किंचित फुगीर असेल तर चांगलंच. भोपळ्यावर बोटांनी सगळीकडे टकटक करा. एखाद्या जागी आवाज फुटका आला तर तिथे तडा किंवा सुटलेला जोड आहे. गळ्याच्या जोडावर नख फिरवून फट पाहा.

मग तंबोरा तुमच्या पट्टीत लावायला सांगा आणि एकेक तार सुटी ऐका. चारही तारांची जवारी सारखी हवी. झणत्कार घोडीवरूनच यायला हवा. एखादी सुटी पट्टी किंवा खुंटी थरथरत असेल तर तो खडखडाट असतो आणि पट्टीवर बोट दाबलं की थांबतो. शेवटी दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवून पुन्हा छेडा. नव्या तारा थोड्या उतरणारच, पण एकच तार भसकन उतरत असेल तर तिची खुंटी नीट बसलेली नाही.

१७. खुंटी सरकते. कधी कधी तर हलतच नाही. काय करू?

दोन्हींचं मूळ हवेत आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, लाकूड फुगतं आणि खुंटी रुतते. कोरड्या थंडीत किंवा एसीत आकसून सरकते.

सरकणारी खुंटी: तार सैल करून खुंटी बाहेर काढा, घासणाऱ्या दोन जागांवर पांढरा कोरडा खडू फिरवा, पुन्हा घालून दाबत फिरवा. रुतलेली खुंटी: पक्कड लावू नका, मान मोडते. तंबोरा एक दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग तार उतरवण्याच्या दिशेने हलके झटके देत सोडवा. सुटल्यावर खडूबरोबर अगदी थोडा कोरडा साबण लावला तर फिरणं मऊ होतं. तेल कधीच नको. ते लाकडात मुरतं आणि खुंटी कायमची सरकू लागते. खडू लावूनही दर आठवड्याला तोच त्रास होत असेल तर भोक लांबट झालं आहे. ते कारागिराचं काम.

१८. तार तुटली. कुठली आणि कशी घालू?

उरलेल्या तुकड्याचा व्यास मायक्रोमीटरने मोजून तेवढीच घ्या. जोडीची पोलादी तार बहुधा ०.३ मिलिमीटरच्या आसपास भरते, पण अंदाजाने घेऊ नका. जोडीतली एक तुटली तर दोन्ही बदला. जुनी आणि नवी तार सूर मिळवूनही रंगात जुळत नाहीत.

लंगोटाच्या बाजूला फास करा, मणी ओवायला विसरू नका, घोडी, तारगहन, अटी, आणि मग खुंटीच्या भोकातून घालून चार-पाच वेढे एकाशेजारी एक द्या. वेढे एकमेकांवर चढले की तार थांबून थांबून उतरते. नवी तार दोन-तीन दिवस ताणत राहते. मैफलीच्या आदल्या रात्री नवी तार घालू नका.

तार पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटत असेल तर ती जागा पाहा. अटीजवळ तुटत असेल तर खाच धारदार झाली आहे, घोडीवर तुटत असेल तर जवारी खाचली आहे (प्रश्न १९).

१९. जवारी कधी काढून (म्हणजे घोडी घासून नीट करून) घ्यायची? घरी कानस मारली तर चालेल?

नवं सूत घालून, जागा शोधूनही आवाज फुलत नसेल, किंवा एखादी तार सतत चिरकत असेल, तर वेळ झाली. घोडी उजेडात तिरकी पाहा. तारांनी कापलेल्या बारीक खाचा दिसतील. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्यावर वर्ष-दोन वर्षांत हे होतं.

घरी कानस अजिबात नको. कारागीर तारा बाजूला करून पृष्ठभाग थोडासा घासतो, तार परत ठेवून ऐकतो, पुन्हा घासतो, आणि हे चारही तारांसाठी. कागदाच्या जाडीएवढं जास्त गेलं तर उतारच बदलतो आणि घोडी पहिल्यापासून घडवावी लागते. नेताना तुमची पट्टी सांगा आणि तारा तीच ठेवा. काळी एकला काढलेली जवारी काळी चारला तशी बोलत नाही.

२०. मोबाइलवर ॲप फुकट आहे. खरा तंबोरा कशाला?

रोजच्या रियाजाला ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेण्यात कमीपणा काहीच नाही. सूर उतरत नाही, प्रवासात नेता येतो. फक्त मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. ६९ हर्ट्झचा खर्ज त्यातून बाहेरच पडत नाही, कान वरच्या उपसुरांवरून त्याचा अंदाज बांधतो. बऱ्यापैकी मोठा स्पीकर जोडा.

ॲप देऊ शकत नाही ती गोष्ट म्हणजे जुळवणं. दोन तारांतला हेलकावा थांबेपर्यंत ऐकत राहण्याने कानाला जी शिस्त लागते, ती तयार सुरासमोर बसून लागत नाही. आठवड्यातून दोनदा जरी खरा तंबोरा स्वतः जुळवलात तरी तुमच्या गंधारात फरक पडेल.

२१. मैफलीत दोन तंबोरे का? आणि मध्येच पुन्हा का जुळवतात?

दोन तंबोरे वेगवेगळ्या वेळी छेडले जातात, त्यामुळे एकाचा खर्ज विरत असताना दुसऱ्याचा उमलतो आणि सुराला भोक पडत नाही. कधी दुसऱ्याची पहिली तार निषादाला लावतात. दोन्ही आधी आपापले आणि मग एकमेकांशी जुळवावे लागतात.

मंचावरच्या दिव्यांनी तारा तापून प्रसरण पावतात आणि सूर उतरतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या उघड्यावरच्या मैफलीत रात्र चढते तशा त्या गार होऊन सूर चढतो. म्हणून तंबोरा कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी मंचावर आणून ठेवावा, ग्रीन रूममध्ये जुळवून ऐन वेळी आणू नये.

२२. पाच-सहा तारांचा तंबोरा चांगला का?

पाचव्या तारेला बहुधा निषाद किंवा रागाला पूरक सूर लावतात. आवाज भरीव होतो, पण प्रत्येक जादा तार आणखी एक सूर आणि आणखी एक सूत. चार तारा दहा मिनिटांत जुळवता येईपर्यंत याच्या वाटेला जाऊ नका.

२३. तंबोरा परदेशात न्यायचा आहे. काय काळजी घ्यायची?

तारा दोन-तीन सुरांनी उतरवा, पूर्ण सैल करू नका. अनेक तंबोऱ्यांत घोडी फक्त तारांच्या दाबावर उभी असते आणि ताण गेला की ती सरकते. तिच्या पायांभोवती पेन्सिलने खूण करा आणि मऊ कापडाची पट्टी बांधा. भोपळा पेटीच्या तळाला टेकता कामा नये, त्याखाली जाड चुंबळ द्या आणि गळ्याला आधार. पेटी फायबरची, कडक.

जुन्या वाद्यावर हस्तिदंताची घोडी किंवा नक्षी असेल तर कागदपत्रांशिवाय सीमेपार नेऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे आणि आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे वाद्य जप्त होऊ शकतं. सांबरशिंगाचंही तेच. निघण्याआधी घोडी हाडाची, शिसवीची किंवा फायबरची करून घ्या.

तिकडच्या हिवाळ्यात हीटरने हवा फार कोरडी होते आणि तबलीला तडे जातात. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. रेडिएटरजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पोचल्यावर पेटी लगेच उघडू नका. एक दिवस खोलीत तशीच राहू द्या, मग तारा रोज थोड्या थोड्या चढवत तीन दिवसांत पट्टीवर आणा. सूत सगळ्यात शेवटी, तारा स्थिर झाल्यावर.